मदत हवी आहे: शाकाहारी आईसाठी ओमेगा-३

आई ६८ वर्षांची, पक्की शाकाहारी. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३२०, शुगर नॉर्मल, रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन ७५ रोज चालू. वर्षभर जवसाची चटणी खाल्ली, आकडा हलला नाही. जवसातल्या ओमेगा-३ चं शरीरात ईपीए-डीएचए (ओमेगा-३ चे थेट उपयोगी पडणारे प्रकार) फारच थोडं बनतं, हे नंतर कळलं. माशाच्या तेलाची कॅप्सूल तिने वासावरूनच परत केली. आता शेवाळापासूनची आणली आहे. डबीवर ठळक १००० मिग्रॅ, मागे बारीक अक्षरात ईपीए-डीएचए मिळून जेमतेम ३००! ट्रायग्लिसराइड उतरवायला २ ते ४ ग्रॅम लागतात, म्हणजे दिवसाला किमान सात गोळ्या. मोठ्या डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, आणि तिला अधूनमधून धडधड होते. डॉक्टरांची वेळ सोमवारी आहे, तोवर डबी बंदच. ॲस्पिरिनसोबत एवढा डोस कुणाच्या घरी चालू आहे का, आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांनी कोणत्या तपासण्या करून घेतल्या?