लागवड शरदातच करा

वसंतात लावलेलं लॅव्हेंडर रोज पाणी देऊनही उन्हाळ्यात मेलं, अशी तक्रार एकाने केलीय. मला वाटतं घोळ लागवडीच्या वेळेत आहे. भूमध्य समुद्राचा किनारा, कॅलिफोर्निया, मध्य चिली, केप टाउनचा परिसर, नैऋत्य ऑस्ट्रेलिया, कुठेही असलात तरी हिवाळी पावसाच्या हवामानात (पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा) झाडं शरदात, पहिल्या पावसाच्या आसपास लावावीत. हवा गार झालेली असते, पण माती अजून कोमट असते. वर फारशी वाढ दिसली नाही तरी मुळं खाली उतरत राहतात. वसंतातल्या रोपाला मुळं धरायच्या आतच ऊन गाठतं.

रोज थोडं थोडं पाणी शिंपडणं तर बंदच करा हो! मुळं वरच्या थरातच घुटमळतात, आणि गरम ओल्या मातीत ती कुजतात. त्यापेक्षा माती नीट वाळू द्या आणि मग एकदाच भरपूर द्या, ओल वीतभर खाली गेली का ते खुरप्याने उकरून बघा.

चिकण माती असेल तर लॅव्हेंडर, रोझमेरी उंचवट्यावरच लावा. हिवाळ्यात मुळाशी पाणी साचलेलं त्यांना अजिबात सोसत नाही. आच्छादन जरूर घाला, फक्त खोडाला चिकटू देऊ नका.