एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉल लीग) कॅन्सस सिटी चीफ्सचा लांब पास आटला कशामुळे? पास झेलणारे रिसीव्हर, पुढे ब्लॉक करणारी लाइन की डावांची आखणी?

चौथा_डाउन:
वेगवान रिसीव्हर टायरीक हिलला मार्च २०२२ मध्ये मायामीला देऊन टाकलं. त्यानंतरच्या तीन हंगामांत (२०२२ ते २०२४) क्वार्टरबॅक (पास फेकणारा) महोम्सचे दर पासमागे यार्ड ८.१, ७.० आणि ६.८ असे उतरत गेले. २०१८ मध्ये हाच आकडा ८.८ होता. तरीही तिन्ही वर्षं सुपर बोल (लीगची अंतिम लढत) गाठला आणि दोनदा जिंकलाही. प्रत्येक चर्चेत एकच मागणी असते, 'एक पळणारा रिसीव्हर आणा.' झेवियर वर्दी आणला, ४० यार्ड ४.२१ सेकंदांत. आकडा काही हलला नाही. मग अडलंय कुठे?

खोल_सेफ्टी:
तुमच्या यादीत एक वर्ष राहिलं. २०२१ मध्ये हिल संघात होता आणि आकडा होता ७.४. म्हणजे हिल गेल्यावर पुढच्याच वर्षी तो *वाढला*. हिलच्या नावाने गळा काढणाऱ्यांना हे सांगितलं की विषय बदलतो.

२०२१ पासून बहुतेक संघ चीफ्सविरुद्ध दोन्ही सेफ्टी (बचावाचे सगळ्यात मागचे दोघे) १२-१५ यार्ड मागे ठेवू लागले. वरून काही जाऊ द्यायचं नाही, खाली छोटे पास खुशाल घ्या, असा हिशेब. त्यावर वेग हे उत्तरच नाही, कारण पळणारा शेवटी त्या दोघांच्याच पुढ्यात जाऊन पोचतो. तिथे लाइनबॅकरच्या (बचावाची मधली फळी) मागे आणि सेफ्टींच्या पुढे उरलेली ८ ते १५ यार्डांची जागा वापरावी लागते. झोन (बचाववाला जागा राखतो) दिसला की पळणं थांबवून मोकळ्या जागेत बसायचं, मॅन (बचाववाला माणूस धरतो) दिसला की पळत राहायचं. हा निर्णय रिसीव्हर आणि क्वार्टरबॅक दोघांनी एकाच क्षणी, न बोलता घ्यायचा असतो. एकाने 'बस' वाचलं आणि दुसऱ्याने 'पळ', तर पास रिकाम्या गवतावर पडतो किंवा थेट इंटरसेप्शन, म्हणजे झेल बचावाच्या हाती.

२०२२ ला हे काम करणारे दोघे होते: केल्सी (११० झेल, १३३८ यार्ड) आणि जूजू स्मिथ-शुस्टर (७८ झेल, ९३३ यार्ड). २०२३ ला जूजू न्यू इंग्लंडला गेला आणि घसरण तिथून सुरू झाली. राशी राइस त्या जागी बसेपर्यंत अर्धा हंगाम गेला. तरी पहिल्याच वर्षी त्याने ७९ झेल आणि ९३८ यार्ड केले. २०२४ ला चौथ्याच सामन्यात, चार्जर्सविरुद्ध, त्याचा गुडघा गेला. ऑक्टोबरमध्ये हॉपकिन्स आणला, पण त्याचा गुण बाहेरच्या बाजूला अंगावर माणूस घेऊन उंच झेल घेण्याचा. मधली जागा रिकामीच राहिली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

यार्डाचा_हिशेब:
मधल्या जागेचं पटतं, पण २०२३ ला हातांचाही दोष होताच, तो झाकू नका. डेट्रॉइटविरुद्ध पहिल्याच सामन्यात केल्सी नव्हता. रिसीव्हर टोनीच्या हातांतून उडालेला चेंडू डेट्रॉइटच्या ब्रायन ब्रँचने ५० यार्ड नेऊन टचडाउन केला, हार २१-२०. नोव्हेंबरमध्ये ईगल्सविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत वाल्डेस-स्कॅन्टलिंगच्या हातांत टाकलेला लांब पास सुटला, हार २१-१७.

बफेलोविरुद्धचा टोनीचा ऑफसाइड (चेंडूच्या पुढे उभं राहणं) मात्र हातांचा नाही, पायांचा. डाव सुरू होतो त्या लाइनवर किमान सात जण हवेत. लाइनवरच्या रिसीव्हरचं हेल्मेट सेंटरच्या (चेंडू मागे देणारा) कमरेच्या रेषेपर्यंत यायला हवं, पण चेंडूच्या पुढे काहीही जाता कामा नये. म्हणून शहाणा रिसीव्हर उभा राहिला की बाजूच्या पंचाकडे बघून हाताने विचारून घेतो. सगळं दोन सेकंदांचं काम. टोनीने बघितलंच नाही. दंड फक्त ५ यार्ड, पण केल्सीने मागे टाकलेल्या चेंडूवरचं टचडाउन रद्द झालं आणि सामना २०-१७ असा गेला.

चौथा_डाउन:
मग २०२४? तेव्हा असे ठळक ड्रॉप (सुटलेले झेल) आठवत नाहीत, तरी ६.८.

डावा_टॅकल:
कारण २०२४ चं दुखणं माझ्या नावात आहे: डावा टॅकल, क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा ब्लॉकर. लांब पोस्ट रूट (सरळ पळून मध्याकडे वळणारा रिसीव्हरचा मार्ग) मोकळा व्हायला तीन सेकंद लागतात. डाव्या बाजूला सुआमाताइया, मग वान्या मॉरिस, मग हम्फ्रीज, आणि शेवटी गार्ड (टॅकलच्या आतला ब्लॉकर) जो थूनीला सरकवून टॅकल केलं. थूनी तिथे निभावतो, पण त्याची गार्डची जागा उघडी पडते. म्हणजे एक भोक बुजवायला दुसरं पाडलं. एवढ्यावर प्रशिक्षक रीड तरी काय करणार? अडीच सेकंदांत सुटणारे पास, स्क्रीन (ब्लॉकरांच्या आडून छोटा पास), आणि जादा टाइट एंड (ब्लॉक आणि झेल दोन्ही करणारा) घालून ब्लॉकिंग. जादा ब्लॉकर म्हणजे एक रूट कमी, आणि यार्ड त्यातच जातात.

२०२४ हंगामाच्या न्यू ऑर्लीन्समधल्या सुपर बोलमध्ये ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणं) केला नाही. चार जणांनी दाब आणला, सात जण मागे राहिले, सहा सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं) झाले, मध्यंतराला २४-० आणि शेवट ४०-२२. वर्दीचे १५७ यार्ड बघून खूश होऊ नका. बरेचसे ३४-० झाल्यावरचे आहेत. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) पहिल्या फेरीत रिसीव्हर न घेता जॉश सिमन्स हा टॅकल घेतला, यातच क्लबचं उत्तर आलं.

खोल_सेफ्टी:
टॅकलचं मान्य. पण आखणीला नावं ठेवण्याआधी गोललाइनजवळचं काम बघा. २०२२ हंगामातल्या, ईगल्सविरुद्धच्या ३८-३५ च्या सुपर बोलमध्ये टोनी (५ यार्ड) आणि स्काय मूर (४ यार्ड) दोघेही एकाच युक्तीवर मोकळे सुटले, एकदा या बाजूला, एकदा त्या. रिसीव्हर मोशनमध्ये (डाव सुरू होण्याआधीची हालचाल) आत धावतो, बचाववाला त्याला आतल्या साथीदाराकडे सोपवायला सुरुवात करतो, आणि स्नॅपच्या (चेंडू मागे देण्याच्या) क्षणी रिसीव्हर उलटा फिरून बाहेर पळतो. पुढच्या वर्षी नाइनर्सविरुद्ध ओव्हरटाइममध्ये हार्डमनचं जिंकवणारं टचडाउन त्याच कुळातलं. चूक होते ती वेळेत: स्नॅपला फक्त एकच खेळाडू हलता हवा आणि तोही पुढच्या दिशेने नको. पाव सेकंद लवकर वळून पुढे झुकला की पंचाचा झेंडा पडलाच.

यार्डाचा_हिशेब:
टीव्हीवर सेफ्टी चौकटीबाहेर राहतात, म्हणून हे सगळे वाद होतात. एनएफएल प्लसच्या महागड्या वर्गणीत कोचेस फिल्म मिळते, बावीसही खेळाडू दिसतात. तिसऱ्या डाउनचे (चार संधींपैकी तिसरी) डाव निवडा, स्नॅपला किती सेफ्टी खोल आहेत ते मोजा, आणि चेंडू सुटेपर्यंत घड्याळ लावा. अडीच सेकंदांच्या आत सुटलेला पास छोटा असेल तर रिसीव्हरला शिव्या देऊ नका, आधी डाव्या टॅकलचे पाय बघा.