रे: बोगमाळोचं सीलँड आणि शॉर्ट ब्रदर्सचा कारखाना

वर कुणीतरी लिहिलंय की गोव्यात बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयातलं सीलँड, म्हणजे पाण्यावर आणि जमिनीवरही उतरणारं विमान, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला बनलं, म्हणजे शॉर्ट कंपनी मूळची तिथलीच. विमान बेलफास्टचं हे बरोबर, पण कंपनीला तिथे कारखाना मिळाला तो 1936 मध्ये. त्याआधी होरेस, युस्टेस आणि ऑसवल्ड या शॉर्ट भावांपैकी धाकटे दोघे लंडनच्या बॅटर्सीत रेल्वेच्या कमानींखाली माणसं घेऊन उडणारे मोठे फुगे शिवायचे.

1909 मध्ये त्यांना राइट बंधूंची 6 विमानं बांधायची ऑर्डर मिळाली. एकाच नमुन्याची विमानं ओळीने बांधणारा पहिला कारखाना म्हणतात तो हाच, इंग्लंडमधल्या शेपी बेटावरच्या लेजडाउनचा. गंमत म्हणजे कारखान्यात चालतील असे विमानाचे आराखडेच नव्हते. होरेसने फ्रान्समध्ये जाऊन तयार विमानाची मापं घेतली आणि घरी येऊन आराखडे काढले. त्या विमानाला चाकंही नव्हती, नुसत्या घसरपट्ट्या. उडवायचं तर मनोऱ्यावरून वजन खाली सोडायचं, दोरीने विमान रुळावरून ओढलं जायचं. भलतीकडे उतरलं तर उचलून परत रुळावर आणा! त्यात लेजडाउनची जमीन दलदलीची, चरांनी भरलेली. 1910 ला बिऱ्हाड ईस्टचर्चला हललं, आणि पुढे समुद्री विमानांसाठी रोचेस्टरला, मेडवे नदीकाठी.

संग्रहालयात गेलात तर सीलँडच्या पोटाखाली वाकून बघा, तळाला आडवी पायरी दिसेल. वेग वाढला की तिच्यामागे हवा शिरते, पाण्याची ओढ तुटते. ती नसेल तर विमान पाण्याला चिकटूनच राहील.