प्रति: मेकॅनिकल की फिक्स्ड?

धनुष्याने हरणाची शिकार करताना बाणाला कुठलं ब्रॉडहेड (धारदार पात्यांचं शिकारीचं टोक) लावावं, हा प्रश्न आहे. मेकॅनिकल ब्रॉडहेड, म्हणजे लागल्यावर पाती उघडणारं, फील्ड पॉइंटसारखंच (सरावाच्या साध्या टोकासारखंच) उडतं म्हणून तेच घ्यावं, असं वर आलंय. उडण्याबद्दल मान्य. पण पाती उघडण्यात बाणाचा जोर खर्च होतो, त्यामुळे धनुष्य ओढायला ४०-४५ पौंडांचाच जोर लागणारं असेल तर मी फिक्स्डच (पाती कायम उघडी असलेलं) सुचवेन. जोर टिकून बाण आरपार गेला तर रक्ताचा माग ठळक पडतो आणि हरीण लवकर सापडतं.

एक गोष्ट मात्र कुणी लिहिली नाही. ब्रॉडहेड बसवल्यावर बाण टोकावर उभा धरून भिंगरीसारखा फिरवून बघा. जोडापाशी जराशी थरथर दिसली तरी तो बाण बाजूला ठेवा आणि तेच टोक दुसऱ्या दांड्यावर लावून बघा; बऱ्याचदा दोष इन्सर्टचा (दांड्यातल्या ज्या तुकड्यात टोक बसवतात त्याचा) निघतो. आणि सरावात वापरलेली पाती शिकारीला तशीच नेऊ नका, सरावाच्या फोमच्या निशाण्यात त्यांची धार जाते.