लॉयलिस्ट: राजनिष्ठ, निष्ठावंत की घरभेदी?

पानगळ: शास्त्रज्ञ बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फर्डवर मुलांसाठी लेख लिहिते आहे. हा लॉयलिस्ट, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश राजाच्या बाजूचा. जन्म १७५३, मॅसॅच्युसेट्स. मे १७७५ मध्ये त्याने वोबर्नहून ब्रिटिशांना बंडखोरांच्या बातम्या अदृश्य शाईने कळवल्या. पुढे बायको आणि लहानगी मुलगी मागे टाकून लंडन गाठलं. मी 'राजनिष्ठ' लिहिलं होतं, संपादकांनी खोडून 'देशद्रोही' केलं. १७७५ साली अमेरिका नावाचा देशच नव्हता, मग द्रोह कुठल्या देशाशी? शब्द सुचवा.

गोदाकाठ: राजनिष्ठच बरोबर, पण आपल्या कानाला तो शब्द साधा लागत नाही. टिळकांना १८९७ आणि १९०८ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हापासून राजद्रोह हे भूषण आणि राजनिष्ठा ही लाज. माझ्या पणजोबांना रावसाहेब किताब होता. आजी तो विषय निघाला की उठून आत जायची.

तिठा: निष्ठावंत लिहा की.

पानगळ: तो शब्द आता बातम्यांतून पक्षांच्या भांडणात गेलाय. मुलांना भलताच अर्थ लागेल.

शब्दवेडा: फितूर म्हणा. मूळ अरबी, 'फुतूर' म्हणजे ढिलेपणा. आपल्याकडे येऊन तो किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा झाला.

मायबोलीकर: अरबी कशाला? 'घरभेदी' हा आपला शब्द आहे. आणि हा माणूस घरातलाच होता.

शब्दवेडा: शब्द रुळला की आपला होतो, साहेब. उद्या 'दरवाजा'ही हाकलून द्याल. शिवाय फितूर व्हायला आधी त्या बाजूला असावं लागतं, हे माझंच मला आता खटकतंय. थॉम्प्सन बंडखोरांचा कधीच नव्हता. राजाच्या गव्हर्नरने त्याला तरुणपणीच मेजर केलं होतं.

गोदाकाठ: निदान 'हेर' तरी बरोबर ना?

मायबोलीकर: हेर मुद्दाम पाठवलेला असतो, बहिर्जी नाईकांसारखा. जो तिथेच राहतो आणि बातमी पोचवतो तो खबऱ्या. पेशवाईच्या पत्रांतला 'जासूद' तर बहुतेक वेळा नुसता पत्र नेणारा.

वैद्यांची_सून: त्या शाईबद्दल सांगते. झाडाच्या गाठींतल्या टॅनिनने लिहायचं आणि वरून हिराकशीचं पाणी फिरवलं की अक्षरं काळी उमटतात. या गाठी म्हणजे आपलं मायफळ, बाळगुटीतलं! मुलांच्या लेखात हे नक्की घ्या.

उद्यमनगर_कोल्हापूर: शब्दांतलं मला फार कळत नाही, पण त्याच्या उष्णतेच्या प्रयोगाबद्दल 'तोफ कोरणे' लिहू नका, 'बोअर मारणे' लिहा, म्हणजे धातूत आरपार भोक पाडणे. म्युनिकच्या तोफखान्यात घोड्यांनी यंत्र फिरवून बोअर मारताना त्याला दिसलं की उष्णता संपतच नाही. मग मुद्दाम बोथट हत्यार लावून तोफेचा तुकडा पाण्याच्या पेटीत फिरवला आणि अडीच तासांत पाणी उकळलं. निबंध १७९८ चा. तेव्हा समजत तसा उष्णता हा धातूत साठलेला द्रव असता तर कधीतरी आटला असता. आमच्याकडे टूल बोथट झालं की कीस कमी पडतो आणि जॉब हात लावू देत नाही. वडिलांनी मला हे चौदाव्या वर्षी दाखवलं. त्यामागे एवढा वाद होता हे फार उशिरा कळलं.

पानगळ: सुंदर. पण मी याचसाठी अडले आहे. याच माणसाच्या पलटणीने लाँग आयलंडवर हंटिंग्टनचं चर्च पाडून दफनभूमीत किल्ला बांधला. थडग्यांचे दगड भट्टीला लावले, भाकऱ्यांच्या बुडाला मेलेल्यांची नावं उलटी उमटायची असं तिथले लोक सांगत. आणि नंतर हाच लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेच्या स्थापनेत पुढे होता. एका विशेषणात हे बसवायचं कसं?

तिठा: विशेषण गाळा. काय केलं ते लिहा.

गोदाकाठ: अहो, शीर्षकात तर काहीतरी लागेल. आणि म्युनिकचं सदावर्त विसरू नका. भिकाऱ्यांना जव, वाटाणे, बटाट्याचं सूप द्यायचा.

मायबोलीकर: ते सदावर्त नव्हे. त्यांच्याकडून सैन्याचे कपडे शिवून घेत. सदावर्तात काम करून घेत नाहीत.

वैद्यांची_सून: आमच्याकडे सदावर्तात कोरडा शिधा मिळायचा, शिजवलेलं मिळे ते अन्नछत्र. सुपाला सदावर्त म्हणता येणारच नाही.