वेगवान ट्रायमरानमधून खुल्या समुद्रात जाताना मुलीने काय विचारून घ्यावे?

सांगलीकर_शिक्षिका (विश्रामबाग, सांगली)

माझी मुलगी फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील लॉरिआँ येथे नोकरीला असून कार्बन फायबरच्या भागांची तपासणी करणे हे तिचे काम आहे. तेथील एका परिचित कुटुंबाकडे साधारण 12 मीटर लांबीची ट्रायमरान आहे. मधली मुख्य नाव आणि दोन्ही बाजूंना आडव्या तुळयांनी जोडलेल्या उलांड्या, म्हणजे बाजूच्या सडपातळ नावा, अशी ही शिडाची बोट आहे. तिची घडण शर्यतीच्या बोटीची असली तरी आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय आहे. येत्या उन्हाळ्यात ते लोक लॉरिआँहून अटलांटिकमधील अझोर्स बेटांपर्यंत, म्हणजे सुमारे 1,200 सागरी मैल, जाणार आहेत आणि त्यांनी मुलीला सोबत बोलावले आहे. तो प्रवास नीट पार पडला तर पुढच्या वर्षी त्याच बोटीवरून तिने खुल्या समुद्रातील शर्यतीत उतरावे, असेही त्यांच्या मनात आहे.

मी या बोटींविषयी वाचू लागले तेव्हा दोन विधाने वारंवार समोर आली. ही बोट फारशी कलत नाही, म्हणून ती सुरक्षित, असे एक. आणि ती एकदा पालथी झाली की आपण होऊन कधीच सरळ होत नाही, असे दुसरे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असतील, हे मला समजत नाही. मुलीला जाऊ नकोस असे सांगण्याचा माझा मुळीच विचार नाही. तिने कोणत्या गोष्टी आधी विचारून घ्याव्यात, हे मात्र मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

निवृत्त_नौसैनिक (सातारा)

ताई, दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्हींचे मूळ एकाच गोष्टीत आहे. आपल्या नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या ज्या बोटींनी पृथ्वीप्रदक्षिणा केल्या, त्या एका कवचाच्या (पाण्यात एकच नाव असलेल्या), तळाशी जड कील (खाली उतरलेला वजनदार पंखा) असलेल्या बोटी आहेत. अशी बोट वाऱ्याने कलू लागली की कीलचे वजन तिला मागे खेचते, आणि जितकी अधिक कलेल तितका हा विरोध बऱ्याच अंशापर्यंत वाढत जातो. म्हणूनच 2018 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातील वादळात अभिलाष टॉमी यांची ‘तुरिया’ उलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली, तरी बोट पुन्हा सरळ झाली.

ट्रायमरानमध्ये कील नसते. तिचे सारे स्थैर्य रुंदीतून, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाच्या (वारा जिकडे जातो त्या) बाजूची उलांडी पाण्यात दाबली जाण्यातून येते. हा विरोध अगदी थोड्या कलण्यातच कमाल मर्यादेला पोहोचतो आणि त्यानंतर वाढण्याऐवजी कमी होऊ लागतो. एका कवचाच्या बोटीत भांडी घसरू लागतात, डेक पाण्याला टेकतो, आणि कप्तानाला शीड कमी करण्याची वेळ झाल्याचे शरीरानेच कळते. ट्रायमरानमध्ये मर्यादा अगदी जवळ आलेली असतानाही टेबलावरचा पेला जागचा हलत नाही. त्यामुळे तेथे निर्णय कलण्यावरून न घेता वारामापकाच्या आकड्यावरून आणि तोही आधीच ठरवून घ्यावा लागतो. माझ्या मते तिने सर्वांत आधी हेच विचारावे: कितव्या नॉटला (ताशी सागरी मैल) पहिला रीफ, म्हणजे शीड गुंडाळून लहान करण्याचा पहिला टप्पा, कितव्या नॉटला दुसरा, आणि हे आकडे बोटीवर लिहून लावलेले आहेत काय? ज्या कप्तानाचे उत्तर ‘त्या वेळी पाहू’ असे असेल, त्याच्यासोबत मी माझ्या मुलाला पाठवणार नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती बहुधा सांगितली जात नाही. कीलच्या बोटीला मोठे भोक पडले तर तेच वजन तिला तळाशी नेते. ट्रायमरान मात्र पालथी झाली तरी तरंगत राहते. 1989 मध्ये ‘रोझ-नोएल’ ही ट्रायमरान न्यूझीलंडजवळ पालथी झाली, तेव्हा तिच्यावरचे चौघे जण पालथ्या बोटीच्या आधाराने 119 दिवस जगले आणि अखेर ग्रेट बॅरिअर बेटावर जिवंत पोहोचले. ऑकलंडला मुलाकडे असताना मी ज्या आखातात घडीच्या ट्रायमरानवर जात असे, त्याच्या तोंडाशीच हे बेट आहे, आणि तेथील नावाडी आजही ही हकिगत नव्या माणसाला आवर्जून सांगतात.

तेथे ज्या बोटी अधिक दिसतात त्यांच्या मागे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले इयन फॅरियर यांची कल्पकता आहे. त्यांच्या एफ-27 या बोटीच्या उलांड्या मिटवल्या की 5.8 मीटरची रुंदी सुमारे 2.6 मीटरवर येते आणि बोट मोटारीमागे रस्त्याने नेता येते. एवढ्या बोटीचे वजन जेमतेम 1.2 टन आहे. वेगाचे रहस्य या हलकेपणात आणि कवचांच्या सडपातळपणात आहे. जड, रुंद कवच स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, त्यामुळे 36 फुटांची साधी बोट आठ नॉटच्या आसपास अडखळते. सडपातळ कवचाला ही अडचण जवळजवळ जाणवत नाही.

चाळकेवाडी_पठार (सातारा)

पवनचक्क्यांच्या देखभालीचे माझे काम आहे आणि शिडांच्या बोटींचा नाद अनेक वर्षांचा आहे. नौसैनिक साहेबांच्या म्हणण्याला वाऱ्याची बाजू जोडावीशी वाटते.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 20 नॉटचा वारा 28 नॉट झाला तर ऐकायला तो दीडपटही होत नाही, पण शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. वेगवान ट्रायमरानमध्ये याच्या जोडीला बोटीची स्वतःची गती येते. वारा बरोबर आडवा 15 नॉट आणि बोटही 15 नॉट असेल, तर शिडाला 21 नॉटचा वारा समोरच्या तिरक्या बाजूने लागतो. आमच्या चक्क्यांच्या पात्याचे टोक वाऱ्याच्या सहा-सात पट वेगाने फिरत असते आणि पात्यालाही असाच स्वतःच्या गतीतून निर्माण झालेला वारा मिळतो. म्हणून वारा ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की पाती आपोआप वळवून चक्की थांबवली जाते, त्यात कोणाच्या अंदाजाला वाव ठेवलेला नसतो.

खरा धोका वारा मागून असताना आहे, आणि तो फसवा आहे. समजा, खरा वारा 28 नॉट आहे आणि बोट त्याच दिशेने 18 नॉटने पळते आहे. डेकवर उभ्या माणसाला फक्त 10 नॉटची सुखद झुळूक जाणवते आणि शिडे पूर्ण उभारलेली ठेवावीशी वाटतात. पुढच्या लाटेच्या पाठीत उलांडीची नाळ (पुढचे टोक) घुसली आणि वेग एकाएकी 5 नॉटवर आला, की त्याच शिडावर 23 नॉटचा वारा आदळतो, म्हणजे दाब पाचपटीहून अधिक होतो. बोट नाळेवरून पुढे पालथी होते ती याच रीतीने. यावर उपाय म्हणजे जाणवणाऱ्या वाऱ्याकडे न पाहता खऱ्या वाऱ्याच्या आकड्यावर शीड आटोपणे.

आणखी एक बाब तिने सुकाणू धरण्याआधी समजून घ्यावी. झोत आला असता वाऱ्याच्या सामोरे जाणारी बोट आणखी वाऱ्याकडे वळवायची असते आणि वाऱ्यासोबत पळणारी बोट आणखी वाऱ्यासोबत सोडायची असते. वारा बरोबर आडवा असताना मात्र दोन्हीकडे वळणे अडचणीचे ठरते. वाऱ्याकडे वळताना वळणाचा जोर आडोशाच्या उलांडीवर येतो, आणि वाऱ्यासोबत वळू लागल्यावर क्षणभर वेग व दाब दोन्ही वाढतात. तेथे शिडाचा दोर सोडणे हाच मार्ग उरतो. म्हणून रात्रीच्या पहाऱ्यात तो दोर कोणाच्या हाताशी असतो, हे विचारणे फार महत्त्वाचे आहे. अलीकडच्या महाकाय शर्यतीच्या ट्रायमरानवर कलण्याचा कोन आणि दोरखंडांवरचा ताण मोजून दोर आपोआप सोडणारी यंत्रणा बसवतात. कौटुंबिक बोटीवर ती असेलच असे नाही.

फायबरवाला_कुपवाड

शिक्षिका ताई, आमचा कारखाना फायबर ग्लासचा आहे, म्हणून केवळ बांधणीविषयी लिहितो. या बोटींत सर्वांत अधिक ताण उलांड्यांना मुख्य नावेशी जोडणाऱ्या तुळयांच्या सांध्यांवर येतो, कारण लाटांमध्ये तिन्ही कवचे वेगवेगळ्या क्षणी उचलली जातात. 2018 च्या रूट द्यु रम या अटलांटिक ओलांडण्याच्या एकांडी शर्यतीत आर्मेल ल क्लेआक यांच्या ‘बँक पॉप्युलेर 9’ या नव्या, अत्यंत खर्चिक ट्रायमरानची एक उलांडीच तुटून गेली आणि बोट पालथी झाली; त्यांना मासेमारी बोटीने वाचवले. तेव्हा पैसा ओतला की सांधा सुटणार नाही, असे समजू नये. फोमच्या गाभ्यावर कार्बनचे थर दिलेल्या भागात थर सुटलेला बाहेरून दिसत नाही. ठोकून आवाज ऐकणे किंवा ध्वनिलहरींनी तपासणे हेच उपाय आहेत. आपल्या मुलीचे कामच हे आहे. तिने निघण्यापूर्वी त्या कुटुंबाच्या परवानगीने सांधे, सुकाणूची बैठक आणि डोलकाठीखालचा भाग स्वतः तपासावा. तिचे कौशल्य त्या बोटीला उपयोगी पडेल, हेही मला मोलाचे वाटते.

सांगलीकर_शिक्षिका (विश्रामबाग, सांगली)

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. वरील मजकूर मी मुलीला पाठवला. रीफचे आकडे लिहून लावलेले आहेत, असे तिने विचारून कळवले, आणि सांधे तपासण्यास ते कुटुंब आनंदाने तयार आहे. आता तिचा स्वतःचा एक प्रश्न आहे: प्रवासासाठी ठरवलेले हेच आकडे शर्यतीत पाळणे शक्य असते का, की शर्यत म्हटली की ते बाजूला ठेवावे लागतात?

निवृत्त_नौसैनिक (सातारा)

शर्यतीत आकडे थोडे वर सरकतात, हे मान्य केले पाहिजे. प्रवासात रात्र पडण्यापूर्वीच एक रीफ घेण्याची पद्धत बरेच जण पाळतात. शर्यतीत तसे कोणी करत नाही, पण त्या बदल्यात सुकाणूवर आणि दोरावर सतत जागी माणसे असतात. आकडेच नसणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती उत्तम शर्यतपटूंमध्ये आढळत नाही. 2024 च्या जगप्रदक्षिणेच्या एकांडी शर्यतीत शार्ल कॉद्रलिये ‘मॅक्सी एडमंड द रॉथशिल्ड’ या 32 मीटरच्या, पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या ट्रायमरानवर होते. केप हॉर्नपुढे वादळ होते म्हणून त्यांनी वेग मुद्दाम कमी करून ते पुढे जाऊ दिले, आणि शेवटच्या टप्प्यात अझोर्समध्येच थांबून हवामान निवळण्याची वाट पाहिली. तरीही 50 दिवस 19 तासांत प्रदक्षिणा पूर्ण करून तेच जिंकले. वेगवान बोटीचा मोठा लाभ हाच आहे की वादळाला वळसा घालण्याचा पर्याय तिच्याकडे असतो, जो आठ नॉटच्या बोटीकडे क्वचितच असतो.

शर्यत म्हणजे महाकाय बोट आणि तरणाबांड खलाशी, असेही मुलीने समजू नये. 1978 च्या पहिल्या रूट द्यु रममध्ये माइक बर्च यांच्या लहानशा पिवळ्या ट्रायमरानने प्रतिस्पर्धी मालिनोव्स्की यांच्या कितीतरी लांब, एका कवचाच्या बोटीला 98 सेकंदांनी मागे टाकले, आणि 1980 ची एकांडी अटलांटिक शर्यत फिल वेल्ड यांनी वयाच्या 65 व्या वर्षी ‘मॉक्सी’ या ट्रायमरानवर सुमारे 18 दिवसांत जिंकली.

तिने आणखी पाहावे ते असे. बोट पालथी झाल्यावर बाहेर पडण्यासाठी मुख्य नावेत आपत्कालीन झडप असते. वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या बोटींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमावलीत बहुकवची बोटींसाठी ती सांगितलेली आहे. ही झडप तिने डोळे मिटून, केवळ हाताने चाचपून उघडून पाहावी. जीवरक्षक तराफा बोट सरळ असताना आणि पालथी असतानाही हाताला लागेल अशा जागी आहे ना, 406 मेगाहर्ट्झचा संकटसूचक कोठे ठेवला आहे, आणि पाण्यात सोडण्याचा छत्रीसारखा समुद्री नांगर या कुटुंबाने खरोखर कधी वापरून पाहिला आहे का, हे विचारावे. सामानाबाबत कठोर राहावे, कारण प्रत्येक जादा पेटी उलांडीला पाण्यात थोडी अधिक दाबते आणि नाळ घुसण्याची शक्यता वाढवते. जुन्या बोटींच्या उलांड्यांची तरण्याची क्षमता संपूर्ण बोटीच्या वजनापेक्षाही कमी असे. आताच्या वेगवान बोटींत ती दीडपट ते दुप्पट असते. या बोटीचे प्रमाण किती आहे, हे रचनाकाराच्या कागदांत मिळेल.

शेवटचा प्रश्न मार्गाचा. बिस्केच्या उपसागरात समुद्रतळ सुमारे 200 मीटरवरून 4,000 मीटरहून अधिक खोल जातो आणि त्या कड्यावर लाटा उभ्या चढतात, म्हणून तो भाग शांत हवामानातच ओलांडावा. अझोर्सकडे जाताना उन्हाळ्यात बेटांजवळच्या उच्च दाबामुळे वारा अनेकदा पडतो. परतीला मात्र नैर्ऋत्येचा वारा मागून मिळण्याचा संभव अधिक, म्हणजे चाळकेवाडीच्या मित्रांनी वर्णन केलेली नेमकी तीच स्थिती. मुलगी परतीच्या प्रवासातही सोबत असणार आहे का, आणि असल्यास त्या वेळी बोटीवर सुकाणू सांभाळू शकणारी किमान तीन माणसे असतील का, हे तिने आत्ताच विचारून घ्यावे.