मॉडेल टी, हॉली एनएच कार्बुरेटर: चढावर फटके, प्लग दोन रंगांचे

टी_१९२४: फोर्ड मॉडेल टी, हॉली एनएच. पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई दीड आटा उघडी आहे. सपाटीला गाडी बरी चालते, आयडलिंग मात्र डळमळतं. चढ लागला की कार्बुरेटरमधून फटके (बॅकफायर) मारते आणि ओढ जाते. १-२ सिलिंडरचे प्लग तपकिरी, ३-४ चे पांढरे. सुई आणखी उघडली की १-२ काळे पडतात. पेट्रोल ई२० (२० टक्के इथेनॉल). जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बदलू का?

लोखंडी_घोडा: जेटला हात लावू नका. या इंजिनात इनटेकची (मिश्रण आत जाण्याची) दोनच तोंडं आहेत: एक १-२ ला, दुसरं ३-४ ला. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. जोडीनेच प्लग पांढरे पडतात म्हणजे मागच्या तोंडाच्या (३-४) सांधा बंद करणाऱ्या रिंगमधून हवा ओढली जातेय. आयडलिंगला त्या सांध्यावर इंजिन ऑइलचे थेंब सोडा. आवाज सुधारला तर गळती तिथेच. पेट्रोल फवारू नका, तापलेला एक्झॉस्ट शेजारीच असतो. रिंगा नव्याच घाला, चेपलेली रिंग परत धरत नाही. जुना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारी नळी) मागच्या टोकाला वाकलेला असला तर क्लॅम्प तिरका बसतो आणि नवी रिंगही गळते. नट थंड असताना आवळा, इंजिन एकदा तापून थंड झालं की पुन्हा.

सुई_आणि_फ्लोट: गळतीचं पटलं, पण चढावरचे फटके त्याने होत नाहीत. थ्रॉटल उघडला की इनटेक मॅनिफोल्डमधली हवेची ओढ (निर्वात) कमी होते आणि गळतीचा परिणामही. टाकी पुढच्या सीटखाली, पंप नाही, पेट्रोल उतारानेच येतं. चढावर टाकी आणि कार्बुरेटर यांच्या उंचीतला फरकच घटतो. गाडीचं नाक वर करून उभी करा, कार्बुरेटरखालचा ड्रेन बरणीत सोडा. दोन मिनिटं धार तुटता कामा नये. तुटली तर टाकीच्या झाकणाचं भोक आणि टाकीखालच्या गाळपात्राची जाळी बघा. धार ठीक असेल तर चढावरच डॅशवरची सुईची दांडी पाव आटा डावीकडे (उघडायला) फिरवा. फटके थांबले तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होतं.

टी_१९२४: धार मिनिटभरात बारीक होते. जाळीवर गंजाचा थर निघाला. साफ केल्यावर सेटिंग कसं करू?

सुई_आणि_फ्लोट: आधी गळती बंद करा, नाहीतर दोन जोड्यांना एक सेटिंग जमणारच नाही. मग इंजिन पूर्ण तापवून थ्रॉटल आणि स्पार्कचे (ठिणगीची वेळ ठरवणारे) दांडे जागचे हलवू नका. सुई उजवीकडे (बंद करत) मिसिंग, म्हणजे ठोके चुकणं, सुरू होईपर्यंत न्या, मग सावकाश डावीकडे, वेग सर्वात जास्त होईपर्यंत. काळा धूर दिसला की थोडं मागे. शेवटची पारख चढावरच. सुई कधीही करकचून बंद करू नका. टोकावर खाच पडली की जरा फिरवताच मिश्रण एकदम बदलतं.

ई२० मुळे सुई थोडी जास्त उघडी लागेल. साध्या पेट्रोलला वजनी १४.७ पट हवा, ई२० ला साधारण १३.५. उन्हाळ्यात गरम हवेची नळी काढून ठेवा.

लोखंडी_घोडा: फ्लोट (कार्बुरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) कॉर्कचा असेल तर तोही बघा. लाखेचा लेप इथेनॉलमध्ये विरघळतो, कॉर्क पेट्रोल पिऊन जड होतो, पातळी चढते आणि चारही प्लग काळे पडतात. कॉर्क पूर्ण वाळवून सायनोअॅक्रिलेटचा लेप द्या.